कम राउंड

मिरजेत स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर,
लोखंडी जिन्यानं वर गेलं की मुजावर सरांचा क्लास.
आम्ही सातजणी. सहा नर्सा, एक फार्मसीवाली.
सगळ्यांना कुठंतरी जायचंय,
आणि प्रत्येकीला वाटतं, बाकीच्यांना खरंच जायचंय.

सर फळ्यावर लिहितात: कम राउंड.
खडू मोडतो. अर्धा खिशात.
"कम म्हणजे या, ठाऊक आहे.
राउंड म्हणजे गोल, तेही.
आता दोन्ही विसरा."

मी कशी विसरू?
राउंड म्हणजे सकाळचे साडेनऊ,
चादरी ताणून, बेडपॅन सरकवून,
नातेवाइकांना व्हरांड्यात हाकलून
फाईल छातीशी धरून उभं राहणं.
सर म्हणतात, तो राउंड वेगळा.

रात्रपाळीत पुटपुटत होते तर मालनमावशी
फरशी पुसता पुसता म्हणाली,
"व्हय बाई, कराच राउंड कम. माझं बी पाय गेल्यात."

अर्थ पहिला: शुद्धीवर येणे.
हा मला शिकवायला नको.
मंगळवारी अथणीची एक म्हातारी, खुब्याचं ऑपरेशन,
भूल उतरता उतरेना.
मी गालावर थापटत, मोडक्या कानडीत,
"आज्जी, कण्णु तेगी. कण्णु तेगी."
पापणी हलली. ओठांवरून जीभ फिरली.
आणि जगात परतल्यावर पहिला शब्द काय,
तर "एम्मी."
म्हैस. कुणी पिळली आज?
दारातला मुलगा म्हणाला, कुणीच नाही गं,
आणि तिथंच भिंतीला टेकून रडला.

अर्थ दुसरा: सहज कुणाकडं जाणे.
सर वाक्यं करून घेतात, चहाला या, संध्याकाळी या.
आमच्याकडं आता सहज कोण येतं?
क्वार्टरमध्ये होतो तेव्हा यायचे,
ड्यूटी सुटली की, तेलकट हातांचे,
उंबऱ्यावरच बसायचे, चहा बशीनं.
मीटरगेजचे ते रूळ उखडले,
माणसं कुठं गेली त्याची नोंद नाही.

तिसऱ्या अर्थापाशी सर अडले.
"राजी होणे म्हणावं, तर कुणीतरी मागं लागल्यासारखं वाटतं.
वळणावर येणे म्हणावं, तर माणूस आधी बिघडला होता की काय.
हे तसं नाही.
आधी नाही म्हणालेला माणूस,
कुणी ढकलत नाही, तरी हळूहळू..."
हवेत बोटानं त्यांनी एक गोल काढायला घेतला.
लाईट गेली.

अण्णा पॉइंट्समन होते. सदतीस वर्षं.
सांगायचे, सांधा वीतभर सरकतो
आणि आख्खी गाडी डब्यांसकट वळते,
आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही.
आयर्लंड म्हटल्यावर मात्र, नाही.
एकदाच म्हणाले. पुढं तीन आठवडे
माझ्याशी बोलणं भाजीतल्या मिठापुरतं.

काल क्लास सुटला, जिना उतरले,
तर खाली लुना.
कानटोपी घातलेले अण्णा.
"झेरॉक्स काढायची होती."
दुकान सातलाच बंद झालेलं.
"शलोमी, धरून बस."
किल्ल्याच्या कोपऱ्यापर्यंत कुणीच बोललं नाही.
मग पुढं बघतच,
"तिकडं नाताळात बर्फ पडतं म्हणे."
"पडतं कधी कधी."
"मग बूट लागतील."

बस, एवढंच.
पासपोर्टच्या अर्जावर अजून काही बोललेले नाहीत,
मीही विचारलेलं नाही.
भूल उतरताना घाई करायची नसते,
हाक मारत राहायचं, बास.

सरांना एक विचारायचं राहिलंय:
मालनमावशीचा अर्थ
चौथा धरायचा का?